आकाशातून परतलेले बी

टोमॅटोचे बी किती वर्षे टिकते? कोरड्या जागी, डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवले तर चार-पाच वर्षांनीही बऱ्यापैकी उगवते, हे भाजीपाला करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण तेच बी जमिनीपासून पावणेपाचशे किलोमीटर उंच नेले, जिथे वारा नाही, पाऊस नाही, वस्तूला वजन म्हणून जाणवत नाही, अशा ठिकाणी पावणेसहा वर्षे फिरत ठेवले आणि मग परत आणून मातीत पेरले, तर? उगवेल का? उगवले तर रोप कसे निघेल? त्याला टोमॅटोच लागतील की भलतेच काही?

हा प्रश्न अमेरिकेत खरोखरच विचारला गेला. आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम सोपवले ते मोठ्या प्रयोगशाळांवर नव्हे, तर शाळेतल्या मुलांवर. पाचवीच्या मुलांपासून कॉलेजातल्यांपर्यंत सगळ्यांनी मिळून.

आपण शाळेत केलेले विज्ञानाचे प्रयोग आठवून पाहा. पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घातला की मेणबत्ती विझते. लिंबाच्या रसाने निळा कागद तांबडा होतो. हे प्रयोग काही वाईट नव्हेत. पण त्यांचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. आपला कागद तांबडा झाला नाही, तर चूक आपलीच. मग शेजारच्याच्या वहीतून ‘निष्कर्ष’ उतरवून घ्यायचा आणि गुरुजींची सही मिळवायची. प्रस्तुत लेखकाने हे अनेकदा केले आहे, आणि वाचकांपैकीही पुष्कळांनी केले असेल. टोमॅटोच्या बियांचे तसे नव्हते. उत्तर मुलांना ठाऊक नव्हते, गुरुजींना नव्हते आणि ज्यांनी बी वर पाठवले त्या शास्त्रज्ञांनाही नव्हते. वहीतून उतरवायचे तरी कुणाच्या?

एक वर्षाचा वायदा, सहा वर्षांचा खोळंबा

गोष्ट अशी घडली. १९८४ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने ‘चॅलेंजर’ यानातून एक मोठा उपग्रह वर नेऊन सोडला. आकाराने आपल्या एस.टी. गाडीएवढा. त्याच्या अंगावर चोहोबाजूंनी खण होते आणि त्या खणांत निरनिराळे ५७ प्रयोग मांडले होते. अवकाशात धातू कसे झिजतात, रंग कसे उडतात, अशा प्रकारचे. त्यातल्या एका प्रयोगात अॅल्युमिनियमच्या डब्यांतून टोमॅटोचे बी भरले होते. वाण ‘रटगर्स’ कुळातला. दाणे किती, तर सव्वा कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. पण टोमॅटोचे बी ते केवढे! एका ग्रॅमला साधारण तीनशे दाणे धरले तर सगळे मिळून चाळीस-बेचाळीस किलो. एका पोत्यात मावेल इतकेच.

तेवढेच, त्याच वाणाचे बी साउथ कॅरोलायना राज्यातल्या पार्क सीड या बियाणे कंपनीने आपल्या कोठारात नीट सांभाळून ठेवले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वर गेलेल्या बियांइतकेच महत्त्व या खाली राहिलेल्या बियांना आहे. त्याकडे पुढे येऊच.

ठरले असे होते की उपग्रह वर्षभर फिरवायचा आणि दुसऱ्या यानाने जाऊन उतरवून आणायचा. पण वेळापत्रक लांबत गेले आणि तेवढ्यात २८ जानेवारी १९८६ चा दिवस उजाडला. ज्या ‘चॅलेंजर’ने हे बी वर नेले होते, तेच यान नव्या फेरीवर निघाले आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच फुटले. आतली सातही माणसे गेली. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या. क्रिस्टा मॅकऑलिफ त्यांचे नाव. अकरा हजारांवर शिक्षकांनी अर्ज केले होते, त्यांतून त्यांची निवड झाली होती. अवकाशातून त्या देशभरच्या शाळांना दोन धडे शिकवणार होत्या. कित्येक शाळांत मुलांना ते उड्डाण पाहायला दूरदर्शन संचासमोर बसवले होते. त्या लेकरांनी काय पाहिले, ते सांगवत नाही.

त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ एकही यान उडाले नाही. इकडे उपग्रह आपला फिरतोच आहे. दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी. आणि प्रत्येक फेरीबरोबर तो किंचित किंचित खाली घसरत होता. इतक्या उंचीवरही हवेचा अगदी पातळ अंश असतो, तो चालत्या गाडीला चिखल अडवतो तसा उपग्रहाला अडवतो. १९९० सालच्या जानेवारीत तो ३३० किलोमीटरांच्या आसपास आला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर वातावरणात शिरून जळून गेला असता आणि सव्वा कोटी दाण्यांची राख झाली असती.

१२ जानेवारी १९९० रोजी ‘कोलंबिया’ यानाने त्याला गाठले. यानाच्या लांब यांत्रिक हाताने उपग्रह अलगद धरून आत ओढायचे नाजूक काम बॉनी डनबर या अंतराळवीर बाईंनी केले. या बाई वॉशिंग्टन राज्यातल्या एका गुरेपालक शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या. वासराला दावे लावून गोठ्यात आणावे तसा त्यांनी तो उपग्रह आणला, असे आपले आम्हाला वाटते. तोवर त्याच्या ३२ हजारांवर फेऱ्या झाल्या होत्या.

दोन पाकिटे

आता त्या बियांची वाटणी झाली. अमेरिकेची पन्नासही राज्ये आणि बाहेरचे तीस देश मिळून सुमारे ६४ हजार शिक्षकांकडे आणि ३३ लाख मुलांकडे ते पोचले. प्रत्येक शाळेला दोन पाकिटे. एकात आकाशातून आलेले बी आणि दुसऱ्यात कोठारात राहिलेले.

दुसरे पाकीट कशाला? इथे आम्हाला आमच्या चुलत्यांची गोष्ट आठवते. एका वर्षी आमच्या भागात कापसावरच्या एका टॉनिकची मोठी हवा झाली होती. बाटली महाग. काकांनी उधारीवर आणून साऱ्या रानावर फवारली. कापूस त्या साली झकास आला. काका खूश.

“बघितलंस? पैसे वसूल!”

“काका, एखादी ओळ न फवारता ठेवली होती का?”

“ठेवायची कशाला? तेवढ्या ओळीचं नुकसान करून घ्यायचं?”

“पण शेजारच्या बांधावर कुणी फवारलं नव्हतं, त्यांचाही चांगलाच आला की.”

“त्यांची जमीन भारी आहे, बाबा.”

बोलणे तिथेच थांबले. जमीन भारी म्हणून, की पाऊस वेळेवर म्हणून, की बाटलीमुळे, हे काकांना कधी कळले नाही आणि आम्हालाही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बाटली आणली. औषध वाईट होते असे आमचे म्हणणे नाही. ते चांगलेही असेल. न फवारलेली एक ओळ नव्हती म्हणून ते समजायला काही मार्गच उरला नाही, एवढेच.

शाळेतले दुसरे पाकीट म्हणजे ती न फवारलेली ओळ. आकाशातले बी शंभरात सत्तर उगवले, एवढे एकच कळून काय उपयोग? खाली राहिलेलेही सत्तरच उगवले असतील, तर आकाशाने काही केले नाही. नव्वद उगवले असतील, तर आकाशाने बिघडवले. पन्नासच उगवले असतील, तर वेगळीच गंमत. एका आकड्याला अर्थ येतो तो दुसऱ्याशेजारी बसल्यावर.

आणि हे शेजारी बसवणे वाटते तितके सोपे नाही. एक कुंडी खिडकीत, उन्हात ठेवली आणि दुसरी दाराआड, तर फरक उन्हाचा पडेल, आकाशाचा नाही. एकीला बादलीतले पाणी आणि दुसरीला फक्त तांब्यातला उरलेला घोट, तर फरक पाण्याचा. माती एकाच ढिगातली हवी, खोली सारखी हवी, पाणी मोजून हवे, दिवस तोच हवा. रोज त्याच वेळी मोजायचे आणि लगेच लिहायचे. ‘उगवले’ म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरवायचे. मोड दिसला म्हणजे उगवले, की माती फोडून दोन पाने उघडली म्हणजे? वर्गातली दोन मुले वेगवेगळे धरून चालली की वही बाद.

शिवाय एका वर्गाच्या उत्तरावर विसंबता येत नाही. समजा एका शाळेत आकाशातल्या वीस दाण्यांपैकी सतरा उगवले आणि जमिनीवरच्या वीसांपैकी पंधरा. ‘आकाशातले बी भारी’ म्हणून टाळ्या पिटायच्या? शेजारच्या गावी नेमके उलटे झालेले असेल. वीस दाण्यांत दोनचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. पण हजारो वर्गांचे आकडे एकत्र केले की योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात आणि खरा फरक असला तर तो वर उरतो. म्हणून प्रत्येक वर्गाने आपली मोजणी छापील तक्त्यात भरून नासाकडे पाठवायची होती. असे हजारो तक्ते परत आले. एकाच वेळी इतक्या ठिकाणी, इतक्या हवामानांत तीच चाचणी करणे कुठल्याही एका प्रयोगशाळेला झेपले नसते. त्या संशोधनातले मोजणारे हात मुलांचेच होते.

विषारी टोमॅटोची आवई

मध्येच एक वादळ उठले. पाकिटे शाळांत पोचत होती त्याच सुमारास, १९९० च्या वसंतात, सावधगिरीची एक लेखी सूचना बाहेर फुटली. अवकाशातल्या किरणांनी बियांच्या गुणात बदल होऊन फळ विषारी निघण्याची दूरची शक्यता आहे, अशा अर्थाची. वर्तमानपत्रांनी ती उचलली. झाले! ‘आकाशातले विषारी टोमॅटो’ घरोघर पोचले.

शंका अगदी हवेतली नव्हती. टोमॅटो, बटाटा, वांगे आणि धोतरा ही एकाच कुळातली भावंडे. हिरवा पडलेला बटाटा आपल्या आयाबहिणी टाकून देतात तो उगीच नव्हे. त्यात अपायकारक द्रव्य वाढलेले असते. टोमॅटोच्या पाल्यातही तशा जातीचे द्रव्य असते. तेव्हा ‘बी बिघडले तर फळात काय येईल?’ असे कुणी विचारले तर त्याला वेड्यात काढू नये. धोका नगण्य आहे, असा खुलासा नासाने केला. चांगले हे की बहुतेक शाळांनी भीतीने कुंड्या फेकल्या नाहीत. पेरणी झाली, मोजणी झाली, तक्ते गेले.

मग निकाल काय लागला? आकाशातले बी सुरुवातीला किंचित लवकर उगवले. पहिले काही दिवस त्याची रोपेही जरा पुढे होती. मग कोठारातल्या बियांच्या रोपांनी त्यांना गाठले आणि पुढे दोन्ही सारखीच चालली. झाडे टोमॅटोची, फळे टोमॅटोची. भोपळ्याएवढी नाहीत, विषारी नाहीत, निळीही नाहीत.

एखादा म्हणेल, एवढ्या उठाठेवीतून हेच निघाले होय! पण थोडा विचार करावा. पुढे कधी माणसे महिनोन्महिने दूरच्या प्रवासाला निघाली तर शिदोरी किती बांधून नेणार? बी न्यायचे आणि तिथे पिकवायचे, हाच मार्ग. त्यासाठी बी अशा ठिकाणी सहा वर्षे तग धरते की नाही हे आधी कळायला हवे होते. ते धरते, हे कळले. ‘फरक नाही’ हेसुद्धा उत्तर असते, आणि आमच्या मते हे उत्तर लिहायला जास्त धीर लागतो. वहीत चमत्कार लिहावासा वाटत असताना ‘दोन्ही सारखीच’ असे लिहिणारा पाचवीतला पोरगा आमच्या काकांना आणि आम्हालाही थोडा भारीच.

मागे राहिलेल्या बाई

मॅकऑलिफबाईंबरोबर आणखी एका बाईंची निवड झाली होती. बार्बरा मॉर्गन, आयडाहो राज्यातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. पहिलीला काही अडचण आली तर दुसरी तयार असावी, म्हणून. त्या दिवशी त्या जमिनीवर होत्या. अपघातानंतर त्या आपल्या शाळेत परत गेल्या आणि मुलांना शिकवू लागल्या. पुढे १९९८ साली त्या अंतराळवीर म्हणून पुन्हा निवडल्या गेल्या आणि २००७ सालच्या ऑगस्टमध्ये, निवड झाल्यापासून बावीस वर्षांनी, त्या खरोखर अवकाशात गेल्या. त्यांच्या यानातून काय गेले? बी! एक कोटी दाणे. या वेळी टोमॅटोचे नव्हे. आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाच्याच जातीतले, दालचिनीसारख्या वासाचे. परत आल्यावर ते शाळांना वाटले गेले, आणि खाली राहिलेले बीही तुलनेला दिले गेले. मॅकऑलिफबाईंनी आखलेले काही पाठही पुढे २०१८ मध्ये अवकाश स्थानकावर करून दाखवण्यात आले. ते करणारे दोघे अंतराळवीर पूर्वीचे शाळामास्तरच.

टोमॅटोच्या बियांचे काम कॅनडाने पुढे चालवले. २००० सालच्या अखेरीस त्यांचे अंतराळवीर मार्क गार्नो टोमॅटोचे बी वर घेऊन गेले आणि त्यातून ‘टोमॅटोस्फिअर’ नावाचा शालेय प्रयोग सुरू झाला. त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट केलेली आहे. पाकिटांवर नुसती अक्षरे असतात. कोणते बी अवकाशात, किंवा अवकाशासारख्या परिस्थितीत राहून आले आणि कोणते साधे, हे मुलांना सांगत नाहीत आणि गुरुजींनाही सांगत नाहीत. मोजणी करून आकडे पाठवल्यावरच गुपित फुटते. कारण माणसाचा डोळा लबाड आहे. ‘हे आकाशातले’ असे ठाऊक असले की त्या कुंडीवर जरा जास्त पाणी पडते, अर्धवट मोड ‘उगवला’ म्हणून धरला जातो, आणि हे सगळे अगदी प्रामाणिकपणे, नकळत होते.

बारदानावरची मोजणी

हे करायला आकाशात जायची गरज नाही. पेरणीपूर्वी सोयाबीनची उगवण तपासायची रीत आपल्याकडे आहेच. बारदानाचा तुकडा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत थोड्या थोड्या अंतराने शंभर दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा घालून सैलसर गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाण्याचा शिपका मारायचा. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले, निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त भरले तर एकरी तीस किलोचे नेहमीचे प्रमाण. कमी भरले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. फारच कमी भरले तर ते बी पेरणीला घेऊच नये. दाणे शंभर घ्यायचे, दहा नव्हे; कारण वर सांगितलेच आहे.

यात शाळेची भर घालता येईल. सोयाबीनचे टरफल पातळ असते, मार लागला की उगवण बसते. तेव्हा घरच्याच सोयाबीनच्या दोन गुंडाळ्या करा. एकीत काठीने हलके बडवून काढलेले बी, दुसरीत मळणी यंत्रातून निघालेले. यंत्राचा वेग जास्त ठेवला होता असे वाटत असेल तर ही चाचणी मुद्दाम कराच. बारदान एकाच पोत्याचे, पाणी सारखे, जागा एकच. दुकानातून आणलेले, औषध चोळलेले बी मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

गुंडाळ्यांना दोन रंगांचे दोरे बांधा. कोणत्या दोऱ्यात कोणते बी, हे कारभारणीने एका चिठ्ठीवर लिहून ती डब्यात ठेवावी आणि कुणाला सांगू नये, घरधन्यालाही नाही. सातव्या दिवशी सकाळी मोजणीचे काम घरातल्या शाळकरी पोराकडे किंवा पोरीकडे द्यावे. आकडे वहीत शाईने लिहून झाले, की मग चिठ्ठी काढायची.